न रंगविलेली जिवती

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाकक्रियेवर बोलते, कोणी आरोग्यावर, कोणी संतांच्या चरित्रावर. यंदा चार शब्द बोलण्याची पाळी मजवर आली. मी सातवी शिकलेली बाई. अध्यक्षीणबाईंना मी म्हटले, ‘अहो, मी काय बोलणार?’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्या घरी भिंतीवर तो खाकी कागद आहे ना, त्याच्याबद्दल बोला.’ म्हणून आज त्या कागदाविषयी बोलते. तो कागद मी बरोबर आणला आहे. मागाहून सर्वांनी पाहावा, पण काचेला हात न लावता पाहावा, एवढी विनंती.

माझे माहेर लातूरचे, सासर इथले नांदेडचे, आणि आजोळ औसा तालुक्यातल्या एका खेड्यात. पंचमीला आईबरोबर आजोळी जायचे, हा आमचा नेम. १९९३ साली मी बारा वर्षांची होते. शाळा नुकतीच सुरू झालेली, म्हणून पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद मी पिशवीत घेऊन गेले होते. आज्जीच्या देवघरात जिवतीचा छापील कागद लावलेला होता. आपल्या सर्वांच्या घरी तो असतो. वर नृसिंह, मग कालियावर नाचणारा कृष्ण, मध्ये लेकरे घेऊन बसलेल्या जरा आणि जिवंतिका, आणि खाली हत्तीवरचा बुध व वाघावरचा बृहस्पती. मी हट्ट धरला, ‘आज्जी, मला तू हाताने काढून दे. छापलेली नको.’

आज्जी शाळेत गेलेली नव्हती, पण भिंतीवर नागोबा काढावेत ते तिनेच. तिने चुलीतून तुराटीची जळकी काडी काढली, टोकाला फुंकर घातली आणि माझा खाकी कागद जमिनीवर पसरून त्यावर रेघ ओढू लागली. नृसिंह नाही, बुध नाही, फक्त त्या दोन बायका आणि दोन लेकरे. एक लेकरू मांडीवर, दुसरे गुडघ्याशी उभे. रेघ चुकली की तळहाताने पुसायची आणि पुन्हा काढायची. मग माझ्या दप्तरातला पांढरा खडू मागून घेतला, आणि जिथे उजेड पडावा तिथे, म्हणजे कपाळावर, गालावर, लेकराच्या पोटावर, तो हलकेच फिरवला. खाकी कागदावर ती चित्रे एकदम उठून आली. मी म्हटले, ‘आता रंग भर.’ ती म्हणाली, ‘आता शेताची कामं हैत माय. रंग दिवाळीला भरू. कच्चं काम तर झालं की.’

मी कागद गुंडाळून लातूरला आणला. दिवाळीची वाट पाहात तो आईच्या ट्रंकेत पडला.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. किल्लारी आणि भोवतालची लातूर-धाराशिव जिल्ह्यांतली गावे मातीला मिळाली. आमच्याकडची घरे दगडाची, पण ते दगड मातीत रचलेले, आणि डोक्यावर माळवद, म्हणजे हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारे तेच घर त्या पहाटे निजलेल्यांच्या अंगावर आले. हजारो माणसे गेली. त्यांत माझी आज्जी गेली. तिने काढलेले नागोबा ज्या भिंतीवर होते, ती भिंतही राहिली नाही.

पुढे मला मुलगी झाली, तेव्हा आईने तो कागद ट्रंकेतून काढून माझ्या हाती दिला. काही बोलली नाही. मी तो देवघराशेजारी चार टाचण्यांनी लावला. उदबत्तीचा धूर, समईची काजळी, वर्षभरात कागद मळका दिसू लागला. दिवाळीची साफसफाई चालली होती. हातात ओले फडके होते. मी जशा खिडक्या पुसल्या, तसा तो कागदही पुसला. एकच हात फिरवला आणि लक्षात आले. गुडघ्याशी उभ्या असलेल्या लेकराचा चेहरा फडक्यावर आला होता.

भाऊबीजेला आई आली. तिने पाहिले. मी सांगायच्या आधीच तिला कळले. ती एवढेच म्हणाली, ‘माझ्या आईच्या हातचं एवढंच राहिलं होतं गं.’ त्यावर मी काय बोलणार? आजही त्याला उत्तर नाही.

भगिनींनो, आता मी तुम्हाला फार लांब घेऊन जाते. पण फिरून इथेच यायचे आहे.

माझ्या मुलीने शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या. तिचे चित्रकलेचे गुरुजी एकदा काही कामानिमित्त घरी आले होते. त्यांची नजर त्या कागदावर गेली आणि ते बराच वेळ पाहात उभे राहिले. म्हणाले, ‘ताई, याच्यासारखे एक चित्र लंडनला आहे.’ मला वाटले, थट्टा करतात. पुढच्या खेपेला त्यांनी एक मोठे पुस्तक आणून दाखवले. खरेच सांगते, माझ्या अंगावर काटा आला. तपकिरी पडलेल्या कागदावर कोळसा आणि पांढरा खडू. दोन बायका आणि दोन लेकरे.

हे चित्र इटलीच्या लिओनार्दो दा विंची याचे. हा १४५२ साली जन्मला आणि १५१९ साली फ्रान्समध्ये वारला. मोनालिसा काढणारा तोच. हे चित्र इसवी सन १५०० च्या आगेमागे काढलेले. त्यातली एक बाई म्हणजे येशूची आई मेरी, आणि ती जिच्या मांडीवर बसली आहे ती तिची आई, संत अॅन, म्हणजे येशूची आजी. लेकरांपैकी एक येशू आणि दुसरा त्याच्या नात्यातला जॉन. मेरी स्वतः लेकुरवाळी, तरी आईच्या मांडीवर बसली आहे. मी मनाशी म्हटले, हे तर आजोळ! लेक कितीही मोठी झाली तरी पंचमीला आईच्या घरी ती लेकच असते.

त्या काळी तिकडे मोठे चित्र रंगवण्याआधी चित्राएवढ्याच कागदावर कच्चे चित्र काढीत. मग रेघांवर सुईने भोके पाडून त्यांतून कोळशाची पूड झटकीत, म्हणजे खालच्या फळीवर किंवा भिंतीवर ठिपके उमटत. आपण ठिपक्यांच्या रांगोळीचा भोके पाडलेला कागद वापरतो, तेच. काम झाले की असे कागद फाटत, हरवत, कोणी सांभाळीत नसे. लिओनार्दोचा हा कागद मात्र राहिला. आठ ताव एकमेकांना चिकटवून केलेला आहे, साडेचार फुटांहून थोडा उंच आणि जवळजवळ साडेतीन फूट रुंद. त्याला सुईची भोकेच नाहीत. म्हणजे या कागदावरून त्याने रंगीत चित्र उतरवले नाही. आजी वर आभाळाकडे बोट दाखवते आहे, तो हात तर नुसत्या रेघेत आहे, त्यात छाया-उजेड भरलेलाच नाही. पुढे लुईनी नावाच्या चित्रकाराने याच्यावरून एक रंगीत चित्र केले, ते इटलीत मिलानला आहे. पण लोक धाव घेतात ते या बिनरंगाच्या कागदापाशी.

याच विषयावरचे लिओनार्दोचे एक कच्चे चित्र फ्लॉरेन्स गावी लोकांना पाहावयास ठेवले, तेव्हा दोन दिवस बाया-पुरुष, तरणे-म्हातारे, जत्रेला जावे तसे ते पाहायला लोटले, असे वसारी नावाच्या त्यांच्याकडच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. कच्च्या कामाला असा मान मिळाला, याचेच मला अप्रूप वाटले.

लंडनचा कागद तिथल्या रॉयल अकॅडमी या संस्थेकडे होता. १९६२ साली त्या संस्थेने पैशाच्या अडचणीपायी तो विकायला काढला. देशाबाहेर जाऊ द्यायचा नसेल तर आठ लाख पौंड हवे होते. तेव्हा लोकांकडून वर्गणी मागण्यात आली. चार महिन्यांत अडीच लाखांहून अधिक माणसे तो कागद पाहून गेली आणि ज्याने त्याने जमेल तसे दिले. सरकारनेही मोठा वाटा उचलला. कागद राहिला आणि नॅशनल गॅलरीत गेला. तो आजही तिथे मंद उजेडात ठेवलेला आहे.

आता खरी मौज ऐका. ही वर्गणी गोळा करण्यात पुढाकार होता नॅशनल आर्ट कलेक्शन्स फंड या संस्थेचा. ही संस्था १९०३ साली निघाली, आणि ती काढणाऱ्यांत एक बाई होती. नाव ख्रिस्तिआना हेरिंगहॅम. दोन मुलग्यांची आई. स्वतः चित्रकार. इटलीच्या चेन्निनो चेन्निनी याचे जुने पुस्तक तिने इंग्रजीत आणले, ते १८९९ साली छापले गेले. रंग कसे खलावे, कागद कसा तयार करावा, सगळे त्यात आहे. कोळसा कसा करावा तेही आहे. विलोच्या काड्यांच्या जुड्या बांधाव्या, मडक्यात घालाव्या, तोंड मातीने लिंपावे आणि पाववाल्याच्या भट्टीत रात्रभर ठेवावे. चुकलेली रेघ पिसाने झटकावी. गुरुजींनी हे वाचून दाखवले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आज्जीची तुराटी उभी राहिली.

हीच हेरिंगहॅमबाई १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत आपल्या मराठवाड्यात येऊन राहिली होती. अजिंठ्याला! तेव्हा अजिंठाही निजामाच्या राज्यात, आणि आपले नांदेड-लातूरही. फर्दापूरला तंबू ठोकून, लेण्यांच्या अंधारात, वटवाघळांच्या वासात तिने भिंतीवरच्या चित्रांच्या नकला केल्या. तिच्या मदतीला कलकत्त्याचे नंदलाल बोस व असितकुमार हलदार होते, हैदराबादचे सय्यद अहमद व फजलुद्दीन होते. १९१५ साली त्या नकलांचे पुस्तक निघाले. पण बाईंचे पुढले दिवस वाईट गेले. अजिंठ्याहून परत गेल्यावर मनाचा आजार जडला, त्यातून त्या उठल्या नाहीत. १९२९ साली वारल्या. आपण लावलेल्या रोपाने पुढे आजी, आई आणि नातवाचा तो कागद वाचवला, हे त्यांना कधी कळलेच नाही.

मागे आपल्या मंडळाची सहल अजिंठ्याला गेली, तेव्हा मी हे सारे मनात ठेवून पाहात होते. तिथली रीत अशी की दगडावर माती, भाताचे तूस आणि काड्या कालवून गिलावा करायचा, त्यावर चुन्याचा पातळ हात द्यायचा, मग गेरूने आखणी करायची आणि नंतर रंग भरायचे. शेवटी गडद रेघेने कडा उठवायच्या. जिथे वरचे रंग गळून गेले आहेत, तिथे खालची ती तांबडी आखणी दिसते. दीड हजार वर्षांमागे कोणा कारागिराने काढलेले ते कच्चे काम. आपण तुळशीपुढे गेरूने सारवून रांगोळी घालतो, त्याच जातीचा तो गेरू.

दुसऱ्या लेण्यात एका बाजूच्या गाभाऱ्यात हारीती आहे. तुमच्यापैकी कितीजणींनी तिच्याकडे नीट पाहिले? ही आधी लेकरे खाणारी यक्षीण होती, बुद्धाने तिला वळवले आणि ती लेकरांची राखणदारीण झाली, अशी कथा. तिच्या मांडीवर मूल आहे, खाली लेकरांचा मेळा आहे, आणि भिंतींवर तिला नैवेद्य घेऊन येणाऱ्या बायका रंगवल्या आहेत. आपली जरा तरी कोण? राक्षसीणच. दोन राण्यांच्या पोटी दोन अर्धी शकले जन्मली, ती टाकून दिली होती, ती जरेने जोडली आणि जरासंध झाला, असे महाभारत सांगते. तिलाच आपण श्रावणात आघाडा-दूर्वांची माळ घालून लेकरांना ओवाळतो. जी हिरावून नेईल, तिलाच आईने हात जोडून म्हणायचे, माझे लेकरू सांभाळ. लंडन काय, अजिंठा काय, आणि औशाकडचे खेडे काय, आयांची भीती एकच.

तिथल्याच मार्गदर्शकाने आम्हाला दुसरी एक हकीगत सांगितली. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने खास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी असे दोन जाणकार बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पक्का केला, कितीतरी चित्रे पडता पडता वाचवली. परंतु रंग उठून दिसावेत म्हणून त्यांवर लाखेचे रोगण दिले. कालांतराने ते रोगण पिवळे पडून काळवंडले, त्यात धूळ-काजळी बसली आणि चित्रे अंधारात गेली. १९९९ पासून पुरातत्त्व खात्याचे मॅनेजर सिंह व त्यांच्या हाताखालची माणसे हे थर बोटाबोटाने काढीत आली, तेव्हा खालचे मूळ रंग पुन्हा दिसले.

हे ऐकताना मला माझे ओले फडके आठवले. ते इटलीचे पंडित, मी आपली सातवी पास, तरी चूक एकाच घरातली. मायेने केले आणि न विचारता केले. फरक इतकाच की त्यांच्या रोगणाखाली चित्र शाबूत होते. माझ्या फडक्याखाली नव्हते.

लंडनच्या कागदावरही संकट आले होते. १९८७ साली एका माणसाने कोटाखाली बंदूक लपवून आणून त्यावर गोळी झाडली. पुढची मजबूत काच फुटली, छर्रे आत गेले नाहीत, पण काचेच्या दणक्याने मेरीच्या छातीपाशी कागदाला अर्ध्या फुटाची जखम झाली. बारीक बारीक कपचे वेचून ते पुन्हा जागच्या जागी बसवायला वर्षाहून अधिक काळ लागला. आता जखम सहजी दिसत नाही म्हणतात. कागदाचे कपचे उरले होते, म्हणून ते जोडता आले. काजळी पाण्यात गेली की ती कुठून वेचणार?

हल्ली माझी मुलगी मोठी झाली आहे, हात चांगला आहे तिचा. मागल्या श्रावणात ती म्हणाली, ‘आई, मी त्या लेकराला चेहरा काढते. आणि रंगही भरते. पणजीचे राहिलेले काम पुरे होईल.’ माझे मन हो म्हणायला आले होते. इतक्या वर्षांचा डाग एका दुपारी निघून गेला असता. मी आईला फोन लावला. आई जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘तिला दुसऱ्या कागदावर काढू दे. त्या कागदाला हात लावू नका. जे तिनं काढलं ते तिचं, जे तू पुसलंस ते तुझं.’

तसेच केले. मुलीने पातळ कागद काचेवर धरून आखणी उतरवून घेतली, दुसरीकडे चेहरा काढला, रंग भरले. तिने त्या लेकराला आपल्या धाकट्या भावाचा चेहरा दिला. तेही चित्र छान झाले आहे, आज पूजेला तेच असते. आणि हा कागद असा आहे. एक लेकरू हसते आहे, आणि एकाला तोंड नाही. पाहुणे विचारतात, ‘हे असे का?’ मी सांगते, ‘माझ्या हातून झाले.’ सुरुवातीला सांगताना जीभ अडखळायची. आता सांगते.

भगिनींनो, हे सारे सांगण्याचा हेतू काय, तेही सांगून संपवते. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी आईची, सासूची रांगोळीची वही असेल. भरतकामाचे नमुने उतरवलेले कागद असतील, लोकरीच्या टाक्यांचे हिशेब असतील, पेन्सिलीने लिहिलेल्या जात्यावरच्या ओव्या असतील. पक्के काम आपण शोकेसात ठेवतो आणि कच्चे रद्दीत घालतो. पण हात दिसतो तो कच्च्यात. कुठे रेघ चुकली, कुठे पुसली, कुठे थांबून विचार केला, ते पक्क्या कामात झाकले जाते.

तेव्हा एवढे करा. असे कागद ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्यानेही नको. प्लॅस्टिकमध्ये घालून इस्त्रीच्या यंत्रातून काढू नका. चौकट करायची तर काच कागदाला टेकणार नाही अशी, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी देऊन करा. उन्हासमोर, समईच्या वर, ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि मागे आईचे नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. कागदावर नव्हे, वेगळ्या चिठ्ठीवर. मंडळाच्या कपाटातला एक कप्पा अशा वह्यांसाठी मोकळा करून द्यावा, अशी माझी अध्यक्षीणबाईंना जाहीर विनंती आहे. पहिली वही मी देईन. ती माझ्या आईची आहे, आणि तिची परवानगी मी आधीच घेतली आहे.

आज्जी म्हणाली होती, रंग दिवाळीला भरू. ती दिवाळी आली नाही. पण कच्चे काम झाले होते, ते माझ्या पिशवीत होते, म्हणून आज तुम्हाला दाखवता आले.